सिबिल खराब झालंय, मग बँकेत साधं खातं तरी मिळेल का?

गेल्या दिवाळीला माझा आतेभाऊ घरी आला होता. सांगलीकडे टेम्पो चालवायचा, गाडी लोनवर घेतलेली, लॉकडाऊनमध्ये भाडी बंद पडली, हप्ते थकले आणि शेवटी फायनान्सवाले गाडी ओढून घेऊन गेले. आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जातो आणि पगार रोख घेतो. मी सहज विचारलं, अरे खात्यावर का नाही घेत, तर म्हणाला, "दादा, माझं सिबिल गेलंय, मला आता कुठली बँक दारात उभं करणार?" चार वर्षं हा माणूस याच समजुतीत होता. जुनं खातं वापरायची भीती आणि नवीन मिळणार नाही याची खात्री, म्हणून पैसे कपाटात नाहीतर बायकोच्या खात्यात, आणि कुणाला ऑनलाईन पाठवायचे असले की मित्राला रोख देऊन त्याच्या मोबाईलवरून पाठवायचे. मला ऐकून खरंच वाईट वाटलं कारण यातलं काहीच गरजेचं नव्हतं. त्यानंतर चौकशी केली तर असे बरेच जण भेटले, म्हणून नीट लिहून काढतोय.

आधी सरळ उत्तर. सेव्हिंग खातं उघडायला सिबिल स्कोर लागत नाही. तसा कुठलाच नियम नाही. स्कोर हा उधारीचा हिशोब आहे, म्हणजे बँक तुम्हाला पैसे देणार असेल तेव्हा तिला बघायचं असतं की हा माणूस आधीच्या लोकांचे पैसे वेळेवर परत करत होता का. सेव्हिंग खात्यात उलटं असतं, तिथे पैसे तुमचे असतात आणि ते बँकेकडे असतात, त्यामुळे जोखीम बँकेची नाही तर तुमचीच म्हणायला हवी. सिबिल ही २००० साली सुरू झालेली कंपनी, आपण सगळ्याच स्कोरला सिबिल म्हणतो पण तशा चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि २००५ च्या कायद्याखाली रिझर्व्ह बँक त्यांच्यावर लक्ष ठेवते. ३०० ते ९०० मध्ये स्कोर असतो. त्यांच्या रिपोर्टमध्ये काय असतं तर लोन, क्रेडिट कार्ड, ओव्हरड्राफ्ट (म्हणजे खात्यात आहेत त्यापेक्षा जास्त काढलेले पैसे), हप्ते कधी भरले कधी चुकले, आणि तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल तर ते. तुमच्या सेव्हिंग खात्यात किती पैसे आहेत हे त्यात नसतं. त्यामुळे नवीन सेव्हिंग खातं उघडल्याने स्कोर वाढतही नाही आणि कमीही होत नाही.

जामिनाचं मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडे पतसंस्था आणि सहकारी बँकांमुळे जामीन राहणं ही भिडेची गोष्ट असते. शेजारी येतो, मामाचा मुलगा येतो, "फक्त सही कर" म्हणतो आणि आपण करतो, आणि त्याने हप्ते थकवले की आपल्या रिपोर्टवर पण डाग येतो आणि वसुलीची नोटीसही येते. स्वतः एक रुपया न घेता स्कोर गेलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटत असते, जी वाटायचं काही कारण नाही.

मग ही "स्कोर नाही तर खातं नाही" समजूत येते कुठून? एक तर इंटरनेटवरून. इंग्लंडमध्ये रोजच्या वापराच्या खात्याला ओव्हरड्राफ्ट जोडलेला असतो म्हणून तिथल्या बँका खातं देताना क्रेडिट तपासतात, आणि ज्यांचं क्रेडिट खराब आहे त्यांच्यासाठी तिथे वेगळं बेसिक खातं ठेवलेलं आहे ज्यात ओव्हरड्राफ्ट नसतो. तिकडे राहणाऱ्या नातेवाईकांकडून किंवा तिथले लेख वाचून लोक तोच नियम इथे लावतात. आणि दुसरं म्हणजे काउंटरवर मिळणारी वागणूक. ज्या बँकेचं कर्ज थकलंय त्याच बँकेत जाऊन नवीन खातं मागितलं की तो साहेब कॉम्प्युटरवर बघून तोंड फिरवतो, आणि माणूस समजतो की सगळ्याच बँका असंच करणार.

बँक विचारते ते केवायसी, म्हणजे तुम्ही कोण आणि कुठले हे दाखवणारे कागद. आधार, व्होटर कार्ड, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, रोजगार हमीचं जॉब कार्ड यातलं एक, आणि पॅन, पॅन नसेल तर तसं लिहून द्यायचा फॉर्म. फोटो, मोबाईल नंबर, झालं. आणि समजा यातलं काहीच नाही, घर जळालं, पुरात कागद गेले, गाव सोडून आलाय, तरी वाट आहे. त्याला स्मॉल अकाऊंट म्हणतात, बँकेच्या अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा करून उघडतं. त्याला मर्यादा आहेत, वर्षभरात एकूण १ लाखापर्यंतच जमा, महिन्याला १० हजारापर्यंतच काढता किंवा पाठवता येतात, आणि कुठल्याही वेळी शिल्लक ५० हजाराच्या वर नको. १२ महिने चालतं आणि त्या काळात कागदांसाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर अजून १२ महिने. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमांतच लिहिलंय की बँकेच्या धोरणामुळे सर्वसामान्य माणसाला, खास करून गरीब किंवा मागे पडलेल्या माणसाला, बँकिंग नाकारलं जाता कामा नये. हे वाक्य लक्षात ठेवा, काउंटरवर उपयोगी पडतं.

आता कुठलं खातं मागायचं. नाव पाठ करा, बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाऊंट, बँकेत लोक बीएसबीडी म्हणतात. नुसतं "झिरो बॅलन्स खातं द्या" म्हणालात तर समोरचा त्याच्या मनातलं काहीतरी देईल, कारण झिरो बॅलन्स या नावाखाली जाहिरातीत बरीच खाती फिरतात, मोबाईल ॲपवर पाच मिनिटात उघडणारी, आणि त्यातल्या कितीतरी खात्यांना कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे, अजून कसले कसले चार्जेस असतात. बीएसबीडीचं तसं नाही, ते रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेलं खातं आहे. २००५ मध्ये "नो फ्रिल्स" नावाने सुरू झालं, २०१२ मध्ये त्याचं बीएसबीडी झालं, २०१९ मध्ये नियम अजून मोकळे केले. मिनिमम बॅलन्स नाही, शून्यावर आलं तरी दंड नाही. पैसे कितीही वेळा जमा करा, चार्ज नाही. एटीएम कार्ड फुकट. महिन्याला निदान चार वेळा पैसे काढणं फुकट. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे नियम अजून सुधारले, १ एप्रिल २०२६ ही लागू व्हायची तारीख, त्यात वर्षाला किमान २५ चेक, इंटरनेट आणि मोबाईल बँकिंग, पासबुक किंवा स्टेटमेंट हे सगळं फुकटात घातलं, आणि यूपीआय, एनईएफटी, आयएमपीएस वगैरे डिजिटल व्यवहार त्या चारच्या मोजणीत धरायचे नाहीत असं स्पष्ट केलं.

हे शेवटचं किती महत्त्वाचं आहे ते समजायला थोडं मागे जावं लागेल. "महिन्याला चार वेळा" यात काय काय धरायचं यावर वर्षानुवर्षं घोळ होता. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी अभ्यास करून दाखवलं होतं की स्टेट बँक या बेसिक खात्यांवर चारच्या पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे घेत होती, आणि त्यात यूपीआयसुद्धा धरलेलं होतं. म्हणजे ५० रुपयांची भाजी यूपीआयने घेतली आणि तो पाचवा व्यवहार असला तर १७.७० वेगळे. २०१५ ते २०२० या काळात अशी ३०० कोटींच्या वर रक्कम गोळा झाली होती, ती पण कुणाकडून तर देशातल्या सगळ्यात गरीब खातेदारांकडून. २०२० मध्ये आयकर विभागाच्या वरिष्ठ मंडळाने बँकांना सांगितलं की १ जानेवारी २०२० पासून डिजिटल व्यवहारांवर घेतलेले असे पैसे परत करा. हे सगळं सांगायचं कारण, खातं बेसिक आहे म्हणून पासबुक बघायचं सोडू नका. दर महिन्याला एकदा एन्ट्री मारून घ्या आणि कुठे दहा वीस रुपये गेलेले दिसले तर लगेच विचारा, कारण बेसिक खात्यात बारीक रकमाच जातात आणि बारीक आहेत म्हणूनच कुणी विचारत नाही.

जनधन खातं म्हणजे वेगळं काही नाही, तेही बीएसबीडीच, वर थोडे जास्तीचे फायदे. २८ ऑगस्ट २०१४ ला योजना सुरू झाली. रुपे कार्ड मिळतं आणि त्यावर अपघात विमा, २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना २ लाखांचा. पण कार्ड वापरात असेल तरच विमा मिळतो, कार्ड डब्यात ठेवून उपयोग नाही, महिन्यातून एकदा तरी वापरा. ज्यांनी २०१४-१५ मध्येच उघडलं होतं त्यांना दहा वर्षं झाली म्हणून परत केवायसी करावं लागतंय, ते नाही केलं तर खातं अडकतं, त्यामुळे "माझं जनधन होतं पण बंद पडलं" म्हणणाऱ्यांनी नवीन उघडायच्या आधी जुनंच चालू होतंय का ते बघा. कारण एक अट आहे, एका माणसाला एकच बेसिक खातं. उघडताना लिहून द्यावं लागतं की दुसऱ्या बँकेत माझं असं खातं नाही. आणि त्याच बँकेत साधं सेव्हिंग खातं असेल तर ते बंद करावं लागतं, किंवा सरळ तेच बेसिकमध्ये बदलून मागायचं. मिनिमम बॅलन्सच्या दंडाने ज्यांचा जीव मेटाकुटीला आलाय त्यांच्यासाठी हे बदलून मागणं फार कामाचं आहे आणि बँकेतला कुणीही स्वतःहून हे सांगत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, ज्याच्यासाठी खरं तर एवढं लिहितोय. सिबिल खराब असलेल्या माणसाने "कुठलं खातं" यापेक्षा "कुठल्या बँकेत" याचा विचार जास्त करायला पाहिजे. ज्या बँकेचं तुमच्याकडे येणं आहे, लोन असो वा क्रेडिट कार्ड, त्या बँकेत तुमचे रोजच्या जगण्याचे पैसे ठेवू नका. बँकेला तिच्याकडे असलेल्या तुमच्या पैशातून थकबाकी वळती करून घेता येते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये बँकेचा हा हक्क आहे, शिवाय लोन घेताना आपण ज्या तीस चाळीस पानांवर भराभर सह्या करतो त्यात तेच लिहिलेलं असतं. म्हणजे १ तारखेला पगार पडला आणि २ तारखेला उठून बघितलं तर खात्यावर होल्ड, म्हणजे पैसे अडवलेले, काढता येत नाहीत. भाडं, किराणा, पोरांची फी सगळं त्यात. दुसरी बँक असं स्वतःहून करू शकत नाही, त्यासाठी कोर्टाचा किंवा ट्रिब्युनलचा आदेश लागतो, आणि तो येईपर्यंत तुम्हाला नोटीस आलेली असते, बोलायला वेळ मिळालेला असतो.

मी कर्ज बुडवा म्हणत नाहीये, हे गैरसमज न होता वाचा. कर्ज फेडायचंच आहे. पण महिन्याच्या १५ हजारातून आधी भाडं आणि किराणा भागवून उरलेले २ हजार दर महिन्याला कर्जाला देणारा माणूस हळूहळू बाहेर येतो, आणि ज्याचे १५ च्या १५ हजार एका फटक्यात जातात तो सावकाराकडे जातो. फेडायचा क्रम तुमच्या हातात राहिला पाहिजे, एवढंच. वेगळं खातं करा आणि जुन्या बँकेला लेखी कळवा की मी दर महिन्याला एवढे भरू शकतो, त्या पत्राची पोच घ्या.

नोकरीवाल्यांचं इथे बऱ्याचदा अडतं कारण सॅलरी अकाऊंट कंपनी ठरवते. कंपनीची बँक आणि तुमच्या थकलेल्या कार्डाची बँक एकच निघाली तर एचआरला भेटून सांगा की मला पगार दुसऱ्या बँकेत पाहिजे, आयएफएससी आणि कॅन्सल्ड चेक देतो. कारण सांगायची गरज नाही. बहुतेक ठिकाणी होतं, एखादा फॉर्म भरावा लागतो. आणि नोकरी सुटली की सॅलरी अकाऊंट काही महिन्यात साधं सेव्हिंग होतं आणि मिनिमम बॅलन्स लागू होतो हे पण बऱ्याच जणांना दंड कापल्यावर कळतं. तशी सरकारी बँकांची परिस्थिती आता बरी आहे, स्टेट बँकेने २०२० मध्येच मिनिमम बॅलन्सची अट काढली आणि २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा यांनीही दंड बंद केला. म्हणून बेसिक खातं नाहीच जमलं तर यांच्यातलं साधं खातंही चालण्यासारखं आहे.

शेतकऱ्यांना होल्ड हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. अतिवृष्टीची मदत, पीक विम्याचे पैसे खात्यात पडतात आणि पीक कर्ज थकलेलं असलं की बँक होल्ड लावते. राज्य सरकार वारंवार सांगतं की मदतीची रक्कम कर्जात वळती करू नका, तरी शाखेत जाऊन भांडावं लागतं. आधारला जे खातं जोडलेलं आहे त्यातच हे पैसे येतात, त्यामुळे कर्ज नसलेल्या बँकेतलं खातं आधारला सीड करून घेणं हा त्यावरचा साधा इलाज. नुसतं आधार लिंक नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, सीड करा असं सांगायचं, दोन्ही वेगळे आहेत.

जॉईंट खात्याचंही तसंच, नवऱ्याचं कर्ज थकलंय आणि बायकोचं त्याच बँकेत त्याच्याबरोबर जॉईंट खातं आहे तर तिचे पैसे पण अडकू शकतात. बायको सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर कर्जाशी तिचा संबंध नाही, मग तिचं खातं तिच्या एकटीच्या नावावर असू द्या. पण त्याचा अर्थ नवऱ्याने तिच्या खात्यावर जगावं असा नाही. माझ्या आतेभावाच्या घरी तेच चाललं होतं, तिच्या शिवणकामाचे पैसे कुठले आणि याचा पगार कुठला हे दोघांनाही सांगता येत नव्हतं, आणि त्यावरून घरात कुरबुरी.

त्याच्या बाबतीत मला आधी एक कोडं होतं. गाडीचं लोन फायनान्स कंपनीचं, बँकेचं नाही, मग त्याला बँकेची एवढी भीती का? नंतर कळलं. हप्ता बँक खात्यातून कापायचा म्हणून त्याने मॅन्डेट सही करून दिलं होतं. खात्यात पैसे नसले की हप्ता बाऊन्स व्हायचा, आणि प्रत्येक बाऊन्सला बँक दंड लावायची, फायनान्स कंपनी वेगळा लावायची. खात्यात काहीच नसल्याने बँकेचा दंड साठत गेला आणि कधी कुणी हजार रुपये टाकले की त्यातूनच वळता व्हायचा. त्याला वाटलं सिबिल खराब असल्यामुळे बँक पैसे खाते. सिबिलचा काही संबंध नव्हता. मिनिमम बॅलन्सच्या दंडाने खातं मायनसमध्ये न्यायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे पण बाऊन्सचा दंड ही वेगळी गोष्ट आहे, ती बेसिक खात्यालाही लागते. म्हणून नवीन खात्यावर कुठल्याही हप्त्याचं मॅन्डेट देऊ नका, भिशीचं नाही आणि मोबाईलच्या ईएमआयचं पण नाही. हप्ता भरायचा तर स्वतः यूपीआयने भरा, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मॅन्डेट बाऊन्स होणं ही नुसती दंडाची गोष्ट नाही, चेक बाऊन्ससारखाच त्यालाही २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली खटला होऊ शकतो.

कुठल्या प्रकारची बँक हे पटकन सांगतो. सरकारी बँक सगळ्यात सोपी, गावात शाखा नसेल तर बँक मित्र असतो, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच काम करून देणारा माणूस. पोस्टाचं बचत खातं ५०० रुपयात उघडतं आणि पोस्ट कर्ज वसुलीच्या भानगडीत नसतं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन घरी येऊन उघडून देतो, पेमेंट्स बँकेला कर्ज द्यायची परवानगीच नाही त्यामुळे थकबाकी वळती करण्याचा प्रश्नच येत नाही, फक्त २ लाखांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही. सहकारी बँक चांगली ओळखीची असेल तर ठीक, पण पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा लोकांना सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढता येत होते हे आपण विसरता कामा नये. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतचे पैसे डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या कंपनीच्या विम्यातून मिळतात, सहकारी बँकेलाही हा विमा आहे. पतसंस्थेला नाही. दारात रोज पिग्मी गोळा करायला येणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, घरखर्चाचे सगळे पैसे तिथे ठेवू नका.

काउंटरवर गेलात की असं होईल. साहेब म्हणेल बेसिक खातं आता बंद झालंय, किंवा म्हणेल साधं सेव्हिंग घ्या त्याबरोबर ही छोटी पॉलिसी घ्या. शांतपणे सांगायचं की मला बीएसबीडी पाहिजे आणि फॉर्म द्या. नाही म्हणाले तर म्हणायचं नाही म्हणून लिहून द्या. लिहून कुणी देत नाही, फॉर्म मात्र मिळतो. नाहीच मिळाला तर बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाईन करता येते, १४४४८ वर फोन करून विचारता येतं, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

सिबिल खराब असलेल्यांच्या मागे दोन प्रकारची माणसं लागतात. एक म्हणतो मी तुझं सिबिल क्लीन करून देतो, ५ हजार दे. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, आणि चुकीची असेल तर तक्रार फुकट करता येते. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा हा नियम आहे, तो काढा, वाचा, चूक असेल तर कळवा, ३० दिवसात निकाल नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला पाहिजे. माझ्या ओळखीत एकाचं फेडलेलं लोन तीन वर्षं थकीत दिसत होतं, एका अर्जात दुरुस्त झालं. दुसरा माणूस जास्त भयंकर. तो म्हणतो तुझं खातं तसंही रिकामं आहे, मला वापरायला दे, कार्ड आणि सिम दे, महिन्याला ५ हजार देतो. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलिस खातेदाराच्या दारात येतात. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, हा गुन्हा आहे. अडचणीतल्या पोरांना गाठून हे चाललेलं आहे, घरातल्या तरुण मुलांशी एकदा बसून बोला.

जनधनवर १० हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो, खातं सहा महिने नीट चालवलं तर. मी तरी सांगेन की सिबिल सावरेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका, कारण ती उधारी आहे आणि ती सिबिलला जाते, आणि ज्या खात्यात आपण मुद्दाम कर्ज नको म्हणून आलो त्याच खात्यात परत बँकेचं येणं तयार होतं.

आतेभावाचं खातं जानेवारीत झालं, तालुक्याच्या सरकारी बँकेत, आधार आणि पॅन घेऊन गेला होता, स्कोरचं कुणी नावही काढलं नाही. मालक आता पगार खात्यावर टाकतो. फायनान्स कंपनीशी बोलणं चालू आहे, गाडी विकून उरलेली रक्कम ते मागतायत, आणि मी त्याला सांगितलंय की तडजोड केलीस तर रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा येतो आणि पुढे लोन मागताना तो दिसतो, त्यामुळे पूर्ण फेडायला वेळ मागून बघ आधी. जुनं खातं तसंच पडून आहे. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून इनऑपरेटिव्ह झालंय, अशा खात्याला मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही आणि परत चालू करायला पैसे घेता येत नाहीत, पण आधीचे बाऊन्सचे चार्जेस किती दाखवतात ते बघून ते माफ करायला सांगायचं आणि खातं बंद करायचं आहे. अर्ज मी लिहून दिलाय, दोन प्रतींमध्ये, एकीवर बँकेचा शिक्का घ्यायला. येत्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघं जाणार आहोत, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते.